मनगटातून

पहिल्यांदा दिसली तेव्हा गाठ सहा सेंटिमीटरची होती.
दरिंका जिन्यावरून घसरली होती, तपासायची होती बरगडी;
सोनोग्राफी करणारी मुलगी एकाच जागी
जरा जास्तच वेळ थांबली.

सौम्य आहे, म्हणाले. रक्तवाहिन्यांचा गुंता,
जन्मापासूनचाच असेल. काही करायचं नाही,
वर्षातून एकदा मोजायचं.

सात. नऊ. साडेदहा.
त्सिरिलने दाराच्या चौकटीवर रेघा मारल्या,
जिथे एकेकाळी मुलांची उंची लिहायचा.
तिने पुसल्या. त्याने पुन्हा मारल्या.

चौदाला पोचल्यावर तो सौम्यपणा
जठरावर बसला. दोन झ्लिक्रोफी खाल्ल्या की पोट गच्च.
लेस विणायची लोडासारखी उशी पुढे ओढून
वाकता येईना. टाचण्या लांब गेल्या.
लाकडी फिरक्या नुसत्याच
एकमेकींवर वाजत राहिल्या.

इथे मी अडखळतो.
यकृत लिहावं, तर शब्द शाळेच्या तक्त्यावर टांगलेला.
काळीज लिहावं, तर वाचणारा छातीत डावीकडे बघतो;
एका खाटकालाच कळतं मी काय मागतोय.
इद्रियाच्या लोकांना हा घोळ नाही. येत्रा, म्हणतात.
एकच अवयव, पण शब्द कायम अनेकवचनी.
दरिंकाचं जिथे दुखत होतं तिथेच दुखत होतं.

पहिल्या सर्जनने पेनाने तिच्या अंगावर रेघ ओढली,
इथून इथपर्यंत.
ती रेघ आंघोळीला आठवडाभर गेली नाही.

ल्युब्लियानाच्या डॉक्टर कोगोयने
नाडी बघावी तसं मनगट धरलं
आणि धरूनच ठेवलं. म्हणाला, दार आहे की.

ती जागीच होती. तार तिने आधी मागून घेऊन पाहिली होती:
आपल्या बारीक धाग्याहून जाड,
पण वळायला शहाणी.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
पडद्यावर तिच्याच आत शाई सांडली,
फांदीतून फांदीत, आणि मग गाठ फुलली
काळा कापूस पिंजल्यासारखी.

बाप पाऱ्याच्या खाणीत होता. त्याने कधी
डोंगर उघडा केला नाही.
एवढंसं दार, टोपी काढून वाकायचं,
मग आत हवं तेवढं खोल.
हे तिला नेमकं तेव्हाच का आठवावं,
आणि बापाचे थरथरणारे हातही.

औषध गेलं. मागोमाग बारीक कण.
गाठीला पाजणारी फांदी हळूहळू पडद्यावरून पुसली.
दरिंकाला, कुणाला न सांगता, तिची जराशी कीव आली:
इतकी वर्षं माझ्यावर वाढली,
मारलं तर नाही.

ठिपका साखरेच्या दाण्याएवढा,
ताप एकोणचाळीस. तीन रात्री
उजव्या कुशीत कुणीतरी कुदळ मारत होतं.
सोपं आहे म्हणणाऱ्या नर्सवर ती ओकली,
मग माफी मागितली, मग पुन्हा ओकली.

घरी शेजारची पावला आली, व्रण बघायला म्हणून.
दरिंकाने बाही वर केली.
हे? पावला म्हणाली. एवढंच?
आणि स्वतःचा ब्लाउज वर करून
पित्ताशयाची जुनी, पांढरी, वीतभर रेघ
स्वयंपाकघराच्या उजेडात धरली.
दोघी बराच वेळ बघत बसल्या.
कुणाला काय वाटलं, सांगता येत नाही.

सहा महिन्यांनी मोजली. गेली नव्हतीच.
ती जायची नाही, कोगोय म्हणाला, आक्रसेल.
नऊ.

त्सिरिल पेन्सिल घेऊन चौकटीपाशी उभा राहिला.
नऊची रेघ तिथे होतीच, कधीची.
तिच्या शेजारी त्याने नुसती तारीख घातली
आणि चुलीपाशी जाऊन विचारलं,
किती टाकू? आठ?

आतून फिरक्यांचा आवाज थांबला.
अकरा, ती म्हणाली. आणि पाणी
नीट उकळू दे आधी.